बँकॉकहून एक घंटी

मी बँकॉकला जाऊन आलो हे कळल्यापासून चौसाळ्यातली माणसं मला दोनच गोष्टी विचारतात. पहिली, "तिथं साप खात्यात म्हणं, खरं हाय का?" दुसरी तोंडानं कुणी विचारत नाही, नुसतं डोळे बारीक करून हसतात. दोन्हीचं उत्तर एकदाच देऊन टाकतो. साप मी पाहिला नाही. आणि दुसरं जे तुमच्या मनात आहे तेही पाहिलं नाही, कारण माझ्यासोबत नांदूरघाटचा गफूर होता आणि चार दिवस त्यानं माझ्या शर्टाचं टोक सोडलं नाही. त्या प्रवासात माझा जीव टांगणीला लागला तो भलत्याच गोष्टीपायी, आणि ती गोष्ट माझ्या खिशात मावत होती. मोबाईल फोन. ज्यांना पुढंमागं परदेशी जायचंय त्यांनी हे वाचावं. ज्यांना जायचं नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही.

चौसाळा

हायवेला लागून आमचं पाईप आणि मोटारपंपाचं दुकान आहे. दुकान माझं आणि थोरल्या भावाचं, शंकरअण्णांचं. वडील गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि अण्णा वीस. तेव्हापासून अण्णा म्हणजे बाप, भाऊ, मालक, जे म्हणाल ते. आज मला नातू होईल एवढं वय झालं तरी ते मला गिऱ्हाइकांच्या देखत "मल्ल्या" म्हणतात.

त्या साली पाईपच्या कंपनीनं स्कीम काढली. ठरल्याइतका माल उचलणाऱ्या डीलरला चार दिवस बँकॉक. आमच्या भागात लोकांनी पाईपलाइनी लई टाकल्या होत्या, आमचं टार्गेट दिवाळीच्या आतच पुरं झालं. पत्र आलं, तिकीट एकाचंच. मी म्हणलं, "अण्णा, तुमी जा."

"मी? इमानात आंघोळ करू देत्यात का?"

"न्हाई."

"मग लिंगपूजा कशी व्हायची? अन् पूजेबिगर तोंडात घास कसा घालायचा? तू जा." आणि मग चष्मा पुसत म्हणाले, "पोचल्यावर कळव."

हे 'पोचल्यावर कळव' साधं वाटतं ना? आमच्या घरात ते साधं नाही. मी अंबाजोगाईला कॉलेजात होतो तेव्हा सुट्टी संपली की अण्णा मला एसटीत बसवायचे आणि कंडक्टरला सांगायचे, "पोरगं पोचलं की सांगा बरं का." तीच गाडी दुपारी परत यायची. कंडक्टर दारातून वाकून ओरडायचा, "अण्णा, पोचला!" त्यानंतर अण्णांचा डबा उघडायचा. तोवर नाही. तीन वर्षांत कंडक्टर कितीतरी बदलले, पण जो ड्यूटी सोडायचा तो पुढच्याला हे काम सांगून जायचा. एकदा एकजण विसरला तर अण्णा दुसऱ्या गाडीपर्यंत तसेच बसून राहिले. मला तेव्हा हसू यायचं. घरचं माणूस वाटेत असताना आपण कसं जेवायचं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यावर कुणाचं काही चालायचं नाही.

पुढं दुकानात फोन आला, जागोजागी बूथ झाले, आणि आम्ही घंटीची खूण ठरवली. एक घंटी देऊन फोन ठेवला म्हणजे पोचलो, खुशाल आहे. दोन घंट्या म्हणजे अडचण आहे. तिसरी वाजली तरच उचलायचं, म्हणजे ते गिऱ्हाईक. बीड, केज, जालना, कुठूनही एक घंटी वाजली की अण्णा डब्याचं झाकण काढायचे.

मग अण्णांना साखर निघाली. आदल्या साली मी जळगावला फॅक्टरीवर गेलतो, वाटेत गाडी बंद पडली, जवळपास फोन नाही. अण्णांनी डॉक्टरनं सांगितलेली गोळी वेळेवर घेतली आणि जेवण मात्र घेतलं नाही. दुपारी दुकानात पाईपच्या गठ्ठ्यावर कोसळले. अंबाजोगाईच्या दवाखान्यात दोन दिवस ठेवावं लागलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "गोळी घेऊन उपाशी राहायचं म्हणजे जिवाशी खेळ. पुढच्या वेळी इथपर्यंत पोचतील असं समजू नका."

म्हणून बँकॉकचं ठरलं तशी वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. हात पिठात, डोळे माझ्यावर.

"भावजी, तुमी जा. पण फोन आसा घ्या की जो तिथून लागंल. लागंल म्हंजे लागंलच. न्हाई तर जाऊ नका. मी ह्यांना सांगून थकले, आता तुमालाच सांगते."

मी म्हणलं, "वहिनी, जगात कुठूनही लागणारा आणतो." बोलताना किती सोपं वाटलं!

अंबाजोगाई

नांदूरघाटचा गफूर हा आमच्याच कंपनीचा डीलर, माझ्या बरोबरीचा. त्याचंही टार्गेट पुरं झालेलं. त्याला वाटेत जीपमध्ये घेतला आणि आम्ही अंबाजोगाईला मोबाईल घ्यायला गेलो. बाजारात एक म्हातारे गृहस्थ आधी रेडिओ दुरुस्त करायचे, आता मोबाईल विकायचे. सारं गाव त्यांना मामा म्हणतं. काचेच्या कपाटात एका बाजूला अजून जुने रेडिओ होते आणि दुसऱ्या बाजूला मोबाईल मांडलेले.

"कुठं जायचंय?" मामांनी विचारलं.

"बँकॉक."

"आणि तिथून पुढं?"

"पुढं चौसाळा."

मामांनी तीन हँडसेट काढून ठेवले. "हे बघा. मीडियम वेव्हच्या रेडिओवर शॉर्ट वेव्हचं स्टेशन लागायचं का? नाही. तसंच आहे हे. प्रत्येक देशातल्या टॉवरची लहर सारखी नसते. हा पहिला दोन लहरी धरतो. हा दुसरा तीन धरतो, तिसरी लहर अमेरिकेला लागते. आणि हा तिसरा दिसायला छान, पण ह्यात कार्डच बसत नाही. ज्या कंपनीचा, तिचाच. आपल्या मुलुखात चालेल, विमानात बसलात की नुसती डबी."

गफूरनं तिसराच उचलला. चपटा, चंदेरी, झाकण उघडलं की निळा उजेड. "मल्लू, बघ बे! कसला नाजूक हाय!"

"गफूर, तो तिकडं चालत न्हाई म्हणाले की मामा."

"मला तिकडून कुणाला बोलायचंय? बायको इकडं बोलूनच कान किटवते. चार दिवस आराम." आणि त्यानं तोच घेतला. ह्या माणसाला कधी, कुणी, काही समजावू शकलेलं नाही.

मी मात्र तासभर बसलो. प्रत्येक हँडसेट हातात घेऊन तोलला, कानाला लावला, पाठीमागचं झाकण काढून पाहिलं, जसं काही मला आतलं कळणार होतं. शेवटी म्हणलं, "मामा, तीन लहरीवाला द्या."

"अहो, बँकॉकला दोन पुरतात."

"अन् इमान भरकटून अमेरिकेला गेलं तर?"

मामांनी चष्मा काढला, माझ्याकडं पाहिलं आणि तीन लहरीवाला बांधायला घेतला.

एवढ्यावर भागलं नाही. हँडसेटनं लहर धरली तरी कार्डाला परदेशात चालायची परवानगी लागते. त्यासाठी फॉर्म, दोन फोटो, रेशनकार्डाची झेरॉक्स, आणि वर मामांचे ऑफिसात दहा फोन. "आणि एक लक्षात ठेवा," मामा म्हणाले, "तिथं तुम्हाला कुणी फोन केला आणि तुम्ही उचलला, तरी त्याचा भुर्दंड तुम्हालाच." हे वाक्य मी नको तेवढं लक्षात ठेवलं.

परवानगी आली त्या दिवशी मी परत अंबाजोगाईला गेलो आणि दुकानातूनच चौसाळ्याला एक घंटी दिली. येताना केजला उतरून एक दिली. नांदूरघाटला गफूरच्या दारातून एक दिली. चौसाळ्याला पोचलो तर अण्णांनी फोनमागच्या भिंतीवर पेन्सिलनं तीन रेघा मारून ठेवलेल्या.

"तीन आल्या," अण्णा म्हणाले. "एकेकच वाजली. भारी यंत्र हाय."

वहिनींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा हसू दिसलं. आम्ही सगळे निर्धास्त झालो. सारा मूर्खपणा तिथंच झाला होता, पण तो कुणाला दिसणार? केज आणि नांदूरघाटवर जग पारखून आम्ही मोकळे झालो होतो.

इमान

वहिनींनी बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि तिळाचे लाडू दिले. गफूरच्या घरून खजूर आणि गोड पुऱ्या. मुंबईपर्यंतच्या प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही, पाठ दुखली एवढंच. विमानतळावर एका साहेबानं चटणीचा डबा उघडून हुंगला, त्याला चार शिंका आल्या आणि त्यानं हात जोडून आम्हाला पुढं सोडलं.

विमानात मोबाईल बंद करा म्हणाले तेव्हा माझा हात चालेना. बंद झाला आणि परत चालूच झाला नाही तर? गफूर म्हणाला, "मल्लू, बंद कर बे. तुझ्या अण्णापायी आमाला खाली पाडतो का?" मी बंद केला आणि खिशावर हात ठेवून बसलो. ढग खालून जाताना पाहिले, छान होते. पण खरं सांगतो, माझं अर्धं लक्ष खिशात होतं.

बँकॉकला उतरलो तेव्हा तिथं सकाळचे अकरा वाजले होते, म्हणजे आपल्याकडं साडेनऊ. अण्णांची पूजा उरकली असणार, गोळी घेतली असणार, डबा दुकानात आला असणार. मी सामानाच्या पट्ट्यापाशीच फोन चालू केला. बराच वेळ नुसत्या रेघा फिरत राहिल्या. आणि मग पडद्यावर कसलंसं परकं नाव उमटलं आणि शेजारी पाच काड्या उभ्या राहिल्या!

"लागला! गफूर, लागला!"

शेजारचे चार डीलर धावत आले, त्यांना वाटलं माझी बॅग सापडली. गफूरनं स्वतःचा चंदेरी फोन उघडला. पडद्यावर नुसतं घड्याळ, तेही आपल्याकडचं. "माझा पण चालू हाय," तो म्हणाला. "नांदूरघाटचा टाइम दावतो."

मी चौसाळ्याचा नंबर लावला. कानात आधी शांतता, मग लांबून घंटी वाजली. एक. मी झटक्यात कापला. झालं! तिकडं अण्णा आता झाकण काढत असतील, भाकरी मोडत असतील, हे डोळ्यासमोर आलं. मग मामांचा भुर्दंड आठवला. कुणाचा फोन येऊ नये म्हणून मी मोबाईल बंद करून टाकला आणि बॅगेत ठेवला.

बँकॉक

शहर मोठं आहे, स्वच्छ आहे, आणि गाड्यांच्या रांगा लागल्या तरी भोंगा कुणी वाजवत नाही. आमच्या चौसाळ्याच्या नाक्यावर एका ट्रकमागं दोन मोटारसायकली थांबल्या तरी कानठळ्या बसतात. माणसं भेटली की हात जोडून वाकतात, अगदी आपल्यासारखी, फक्त आपल्यापेक्षा मनापासून. दुकानांच्या, हॉटेलांच्या बाहेर खांबावर एक एक छोटं देऊळ, त्याला झेंडूच्या माळा आणि पुढं पाण्याचा पेला. एका चौकात चार तोंडांचा देव पाहिला. आपला ब्रह्मदेवच. मी विभूती लावलेलं कपाळ टेकवलं तर हार विकणारी बाई इतकी खूश झाली की तिनं एक माळ तशीच हातात ठेवली. गफूर लांब उभा राहून माझ्या चपला सांभाळत होता.

दुपारी नावेतून नदीवर नेलं. नदीला एवढं पाणी! दोन्ही काठ भरून, आणि कुणाला त्याचं कौतुकही नाही. गफूर काठावर वाकून म्हणाला, "हितं एक पाईप इकला जायचा न्हाई." धंदेवाल्याचं डोकं ते, कुठंही गेलं तरी चालू.

पण खायचे हाल झाले. मला मांस, मासे, अंडं चालत नाही. गफूरला डुक्कर चालत नाही आणि हलाल नसलेलं काही चालत नाही. कंपनीनं भलंमोठं जेवण मांडलेलं, आणि आम्ही दोघं प्रत्येक भांड्याचं झाकण उघडून आत डोकावतोय. मला जे चालेल असं वाटावं त्यात वाळलेली कोळंबी. त्याला जे चालेल असं वाटावं त्याची खात्री नाही. शेवटी पांढरा भात आणि कलिंगड. बाकीचे डीलर ताटं भरभरून हसत होते.

संध्याकाळी भुकेनं डोकं फिरलं तसे आम्ही हॉटेलच्या मागच्या गल्लीत निघालो. तिथं एक गाडीवाला होता. डोक्यावर पांढरी टोपी, समोर काळा तवा, हातानं मैद्याची पोळी हवेत फिरवून पातळ करायचा. गफूर थांबला. "अस्सलामु अलैकुम," त्यानं नुसतं म्हणून पाहिलं. गाडीवाल्यानं मान वर केली, तोंडभर हसला आणि सलाम परत केला. मग काय विचारता! दोघांना एकमेकांची भाषा शब्दभर येत नव्हती तरी दहा मिनिटं बोलत होते. गफूरनं माझ्याकडं बोट दाखवून कोंबडीसारखा आवाज काढला, अंडं घातल्याचा अभिनय केला आणि दोन्ही हातांनी नको नको केलं. गाडीवाला पोट धरून हसला. त्यानं अंडं बाजूला सारलं, नवा तवा चढवला, मैद्याच्या पोळीत केळं भरलं आणि वरून घट्ट दूध ओतलं. तो त्याला रोटीच म्हणतो! रस्त्याच्या कडेला उभं राहून आम्ही तीन-तीन रोट्या खाल्ल्या. चार दिवसांत खाल्लेलं सगळ्यात चांगलं जेवण ते. खिशातली चटणी मी त्याला चाखायला दिली, त्याच्या डोळ्यातून पाणी आलं, पण त्यानं पुडी ठेवून घेतली.

पोट भरल्यावर वाटलं, आणखी एक घंटी द्यावी. खुशालीची. हॉटेलवरून फोन आणला होता, तिथंच गाडीशेजारी चालू केला. आणि मी नंबर लावायच्या आत तोच वाजला.

चौसाळ्याचा फोन

"भावजी!" वहिनी. दुकानातल्या फोनवरून. आवाज रडून बसलेला. "भावजी, काय झालं हो तुमाला? कावून फोन बंद ठेवला? सकाळपून लावतेय मी!"

"मला काय झालंय? मी बरा हाय, वहिनी. घंटी दिली की मी!"

"दोन दिल्या."

"एकच दिली!"

"दोन वाजल्या, भावजी. मी पण हुते तिथं. दोन वाजल्या अन् बंद झाली."

माझ्या कानात एकच वाजली होती, हे मी अजूनही कुठंही शपथेवर सांगीन. पण सांगून काय उपयोग? तिकडं दोन म्हणजे अडचण. अण्णांनी लगेच उलटा फोन लावला, तर मी बंद करून बॅगेत ठेवलेला. दहा वेळा लावला असेल.

"अण्णांना द्या फोन."

"ते हितं न्हाईत. आत्ता अंबाजोगाईच्या एसटीत बसले. ज्यानं फोन दिला त्यालाच इचारतो म्हणाले. मी पाय धरले तरी ऐकलं न्हाई." वहिनींना हुंदका आवरेना. "सकाळी गोळी घेतलीय, अन् पोटात पाण्याबिगर काय न्हाई. सोबत पण कुणाला येऊ दिलं न्हाई. हात कापत हुते भावजी त्यांचे, गाडीत चढताना."

जळगावची वेळ, ते पाईपचे गठ्ठे, अण्णांचा पडलेला चेहरा, सगळं समोर आलं. मी बँकॉकच्या गल्लीत पोटभर गोड खाऊन उभा आणि माझा भाऊ माझ्यापायी उपाशी गाडीत बसलेला. त्या गाडीत फोन नाही, काही नाही. जगात कुठूनही लागणारा फोन माझ्या हातात होता आणि लावायला नंबर नव्हता. हातातला फोन भिंतीवर आपटावा असं वाटलं.

गफूरला मी कसंबसं सांगितलं. त्यानं तोंडातला घास गिळला.

"गाडी कधी सुटली?"

"आत्ताच."

"मग नांदूरघाटावरूनच जाती की बे!" त्यानं फोन माझ्या हातातून ओढून घेतला. "माझ्या घरचा नंबर लाव. लवकर. मला हे बटन कळत न्हाईत."

मी नंबर लावला. पलीकडून त्याची बायको, शमीमभाभी. गफूर एरवी सावकाश बोलणारा माणूस, त्या दिवशी गोळीसारखा बोलला. "चौसाळ्याची अंबाजोगाई गाडी यायली. आडवी हो, पण थांबव. मल्लूचे अण्णा हायेत आत. त्यांना म्हण, मल्लू खुशाल हाय, माझ्याजवळ उभा हाय. अन् कायतरी खायला दे. गोड दे. आपल्या हातचं खात न्हाईत ते, म्हणून केळं दे, गूळ-शेंगा दे, पण खाल्ल्याबिगर गाडी सोडू नको!"

मग माझा नंबर विचारून त्यानं तिला लिहून घ्यायला लावला आणि आम्ही वाट पाहिली. मी गाडीभोवती येरझारा घालत होतो. गाडीवाल्याला काही कळत नव्हतं, पण त्यानं आपलं लाकडी स्टूल मला दिलं आणि तवा उतरवून शेजारी उभा राहिला. गफूर चंदेरी फोन उघडून त्यातलं घड्याळ बघत होता. "सव्वापाच. चढ लागला असंल... साडेपाच. आता वेशीपाशी आली." नांदूरघाटचा टाइम दाखवणारा एकच फोन त्या शहरात होता, आणि त्यावेळी मला तोच लागत होता.

पावणेसहाला माझा फोन वाजला. मी उचलला. भुर्दंड कसला नि काय!

"भाईजान," शमीमभाभी बोलत होत्या, दम लागलेला. "थांबवली गाडी. अण्णा आतच हायेत. लई घाम आलाय त्यांना. मी सांगितलं, मल्लूभाई बरे हायेत, तर मला काय म्हणले ठाव हाय?"

"काय?"

"म्हणले, तो जेवला का?"

मी स्टुलावरून उठून उभा राहिलो.

"मी काय सांगू, भाईजान? खाल्लं का तुमी?"

"तीन रोट्या खाल्ल्या म्हणावं," मी कसंबसं म्हणलं. "गोड. केळ्याच्या."

मग नुसते आवाज ऐकू आले. एसटीचं इंजिन, कंडक्टरची शिट्टी, कुणीतरी "अहो, गाडीला उशीर होतोय" म्हणत होतं आणि शमीमभाभी त्याला झापत होत्या. बऱ्याच वेळानं त्या परत फोनवर आल्या.

"खायलेत. आमची फोनची वायर दारापर्यंतच येती, पण हितून दिसतंय मला. केळी आणायच्या आधी मी घरातली भाकरी अन् गूळ घेऊन पळालते, घाईत काय सुचंना. म्हणलं केळी येतीलच, तर म्हणले, कशाला, हे काय वंगाळ हाय? द्या. खिडकीतूनच खायलेत."

माझ्या आठवणीत अण्णांनी घराबाहेरची भाकरी कधी खाल्ली नव्हती. लग्नकार्यातसुद्धा डबा घेऊन जाणारा माणूस. गफूर रस्त्याच्या कडेला बसला आणि दोन्ही हातांनी तोंड पुसायला लागला. गाडीवाल्यानं आम्हा दोघांनाही आणखी एक-एक रोटी दिली आणि हातवारे करून सांगितलं की ही त्याच्याकडून.

अण्णा अंबाजोगाईला गेलेच नाहीत. नांदूरघाटलाच उतरले, गफूरच्या ओट्यावर तासभर पडले आणि चौसाळ्याच्या गाडीनं घरी गेले. उरलेले तीन दिवस मी रोज फोन लावला, आणि तिसरी घंटी वाजू दिली. अण्णा उचलायचे, "बोल" म्हणायचे. मी म्हणायचो, "जेवलो." ते म्हणायचे, "हं." आणि ठेवायचे. हत्तीवर बसलो, सोन्याच्या मूर्ती पाहिल्या, कंपनीच्या साहेबानं हार घातला. ते सगळं फोटोत आहे, दुकानात येऊन बघा.

परत चौसाळा

आल्यावर मामांना गाठून विचारलं. मामा म्हणाले, "तुम्ही तिथं कापला तरी कापल्याची खबर एवढ्या लांब पोचायला वेळ लागतो. तोवर इकडं आणखी एक वाजणारच. आधी विचारलं असतं तर सांगितलं असतं." विचारायचं सुचणार कसं? आमच्या खुणेची गोष्ट मी कधी कुणा परक्याला सांगितलीच नव्हती. तेव्हा फोन घेणाऱ्यांनो, लहरी मोजा, कार्डाची परवानगी काढा, आणि तिथं गेल्यावर कंजूषपणा न करता सरळ बोला.

महिन्याभरानं अण्णांची दवाखान्यात तपासणी होती. अंबाजोगाईला एकटाच जाईन म्हणाले, ऐकेनात. मी तीन लहरींचा फोन त्यांच्या बंडीच्या खिशात घातला, कसा लावायचा ते चार वेळा दाखवलं आणि म्हणलं, "पोचल्यावर कळवा."

दहा वाजले, अकरा वाजले. दुकानातला फोन वाजेना. मी मोबाईलवर लावला तर रिंग जायची, उचलायचं कुणी नाही. बारा वाजले. वहिनींनी माझा डबा आणून पुढं ठेवला. "भावजी, जेवा की. येतील ते." मी डब्यावर हात ठेवला आणि तसाच बसून राहिलो. घास जाईना. एक वाजला. गिऱ्हाईक काय विचारतंय ते मला ऐकू येत नव्हतं.

दीडच्या सुमारास अंबाजोगाईची गाडी दुकानासमोर हळू झाली. कंडक्टर दारातून वाकला. हातात रुमालात बांधलेलं काहीतरी. त्यानं ते माझ्या हातावर ठेवलं. उघडलं तर माझा मोबाईल.

"सारखा वाजतोय म्हणून परत दिलाय," कंडक्टर म्हणाला, आणि गाडी पुढं निघाली तसा मागं वळून ओरडला, "अण्णा पोचले! जेवले! तुमाला जेवा म्हणलेत!"

मी डबा उघडला.